बारावा अर्ज

तो नळ नीट बंद करा आधी, टपटप ऐकली की माझं डोकं फिरतं. हं, आता ऐका. हे माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलंय, आणि तो थाप मारायला लागला की त्याचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नव्हते.

साडू पाणीखात्यात फिटर. मार्चमधली अकरा तारीख, मंगळवार. रात्री दीडला साहेबांचा फोन: खालच्या गल्लीच्या लाइनीत गटाराचं पाणी शिरलंय, पाचला पाणी सुटायच्या आत व्हॉल्व्ह बंद कर. त्या पाण्याने सहा पोरं सलाइनवर होती. त्यातली एक साडूची नात.

पाइप माझ्या आजोबांच्या वेळचा, सडका. तो बदला म्हणून कानमामांनी अकरा अर्ज दिलेले. कानमामा म्हणजे खात्यातले जुने फिटर. पाइपावर सळई टेकवून तिला कान लावायचे आणि गळती कुठे ते बिनचूक सांगायचे. प्रत्येक अर्जावर एकच शेरा: निधी आला की पाहू. बरं, निधी आला! तर टाकीला रंग दिला आणि फलक लावला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मामा वाट बघून बघून तीन वर्षांपूर्वी वारले.

साडूने चेंबर उघडलं, चावी लावली, उजवीकडे फिरवली. हलेना. तीन वाजले. तळहात सोलले. साहेबांना फोन केला, तर म्हणे, "त्या व्हॉल्व्हचा नकाशा असेल रे कुठेतरी. सकाळी शोधू."

चार वाजले.

साडू रडकुंडीला आला. चेंबरच्या कडेलाच बसला.

मागे... सळई आपटल्याचा आवाज.

"उलटे आटे आहेत, बाळा. डावीकडे."

मान वळवायची हिंमत झाली नाही. डावीकडे जोर लावला.

फिरली...

मागचा आवाज फेरे मोजत होता. एक... दोन... बावीस.

लाइन बंद.

"मामा...?"

साडू वळला. रस्ता रिकामा.

गल्ली वाचली. नातही आठवड्याने घरी आली. पण त्याच सकाळी साडू ऑफिसात गेला, तर साहेबांच्या टेबलावर एक अर्ज. बारावा. अक्षर मामांचं, सही मामांची, तारीख त्याच दिवसाची. कागद ओलाचिंब, शाई मात्र जराही फुटलेली नाही.

साहेब घाबरले असतील म्हणता? छे! त्यांनी आवक क्रमांक टाकला, शेरा मारला, फाइलीला लावला. निधी आला की पाहू.

पाइप अजून तोच आहे, पोरांनो. आणि ती फाइल साडूने परवाच उघडली होती.

कागद अजून वाळलेला नाही.