बुजवायची राहिलेली भिंत

फोटो ११२. हललेला. भिंत, भोक आणि कुणाचातरी अंगठा.

अंगठा गवंड्याचा. दुपारच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानामागे आली, तर हा भिंतीतली भोकं सिमेंटनं लिंपत बसलेला.

"अहो, थांबा... आत कुणीतरी राहतं."

त्यानं वाकून पाहिलं. "भाडेकरू दिसत नाहीत."

"माशी आहे, मधमाशीच्याच जातीची. पानं कापून आणते, गुंडाळून खोली करते. एकटीच."

"पोळं नाही?"

"पोळं नाही, राणी नाही. सगळं आपलं आपण."

"मग स्वयंपाकाचे हालच."

तिला हसू आलं. मग रागही आला, कारण तोवर अकरा भोकं बुजली होती.

फोटो ११९. स्पष्ट.

हिरव्या पानाचा गोल तुकडा पोटाशी धरून माशी ओल्या सिमेंटवर बसलीय. आत शिरायला जागा नाही. तिनं फोटो मोठा करून त्याला दाखवला. पोटावरचा केस न् केस, त्यात अडकलेले परागकण. त्यानं हातातली थापी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी अकराही भोकं खिळ्यानं कोरून मोकळी केलेली होती.

(इथे फोटो नाही.)

घरी ती एकटी. चार वर्षं. संध्याकाळी दार उघडलं की सकाळचा कप सकाळी ठेवला तिथेच. रविवारी ताईचा फोन: "त्या माश्यांपायी म्हातारी होशील."

"त्या मध्ये मध्ये बोलत नाहीत गं, ताई."

फोन ठेवला की घर आणखी गप्प.

फोटो १४० ते १६३.

वाऱ्यानं फुलाचा देठ हलायचा. आता गवंडी तो देठ धरायचा, सिमेंट लागलेल्या दोन बोटांत. निळ्या पट्ट्यांची माशी. एक हिरवी, चकचकीत. एक काळी, मुंगीएवढी.

"या सगळ्या इथंच होत्या?"

"इथंच."

"आणि मी पंधरा वर्षं भिंतींशीच बोलतोय."

"श्वास धरा. हात हलतोय."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

फोटो निघाला होता. ती सांगायचं विसरली — मुद्दाम.

फोटो १६४. काळा.

भिंगावरचं झाकण काढायचंच राहिलं. कारण तो नुकताच म्हणाला होता, "शनिवारी काम संपतंय." ती तरीही त्या अंधाराला डोळा लावून बसली.

"मग ही भिंत?"

"हा हातभर तुकडा मुकादमाला दिसला नाही, असं मुकादमानंच ठरवलंय."

"आणि तुम्ही?"

"नवं काम. बसनं सहा तास. आठेक महिने."

शनिवार. कॅमेरा पिशवीतच.

स्टँडवर तो थैली खांद्याला लावून उभा. "देठ धरायला मिळेल कुणीतरी."

"देठाचं सोडा. मला..." तिनं श्वास धरला. सोडला. "मला तुम्ही हवे आहात."

तो हाताच्या भेगांतलं सिमेंट नखानं काढत राहिला.

"आठ महिन्यांनी असतील त्या माश्या?"

"या नसतील. त्यांची पिल्लं असतील. बंद खोलीत थांबतात, ऊन येईपर्यंत."

"आणि तुम्ही?"

"मी... नऊ ते सहा दुकानात. बुधवारी बंद."

"मग बुधवारीच येईन," तो म्हणाला.

कुठल्या बुधवारी, हे तिनं विचारलं नाही. बस सुटली.