राहिलेला चेहरा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बाबांचाही नव्हता. तरी हे घडलं आहे.

गेल्या मार्चमध्ये, कर्जतजवळच्या कोंडाणे गावी, आमच्या घरी, भर दुपारी.

बाबा कर्जतच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. दाविद या फ्रेंच चित्रकाराचं त्यांना वेड. क्रांतीतल्या एका शपथेचं त्याचं प्रचंड चित्र अपुरंच राहिलं. कॅनव्हासवर नुसत्या रेषांची उघडी अंगं आणि रंगवलेले तीन-चारच चेहरे.

बाबाही शपथच रंगवत होते. छप्पन्न साली आमच्या वस्तीने घेतलेली धम्मदीक्षा.

“माझं त्याच्या उलटं,” ते हसायचे. “अंगं सगळी झाली. एक चेहरा राहिला.”

तो त्यांच्या आईचा. ती गेली तेव्हा बाबा दीड वर्षांचे होते. तिचा फोटो एकही नाही.

“तू तिच्यावर गेलीस म्हणतात. एक दुपार येऊन बस गं.”

“पुढच्या रविवारी, बाबा.”

दोन वर्षं मी हेच म्हणत राहिले.

मग बाबा गेले. त्यांच्या जलदानविधीच्या दुसऱ्या दिवशी मी चित्राजवळच्या स्टुलावर बसले. चित्र डाव्या हाताला, तोंड खिडकीकडे. आता उपयोग नव्हता. तरी बसले.

वीज गेली होती. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

मग... खर्र.

कॅनव्हासवर कोळसा घासल्याचा आवाज.

थांबला. पुन्हा... खर्र... खर्र.

मी मान वळवणार, तेवढ्यात...

“हलू नको.”

आवाज बाबांचा होता.

मी हलले नाही. डोळे घट्ट मिटले. किती वेळ, माहीत नाही.

“पौर्णे, च्या निवला की!” दारात गंगाआत्या, बाबांची थोरली बहीण. “एकटीच काय बसलीस गं...”

तिचं बोलणं तुटलं. तिने डोक्यावर पदर घेतला.

“आय...”

मी पाहिलं. कोऱ्या जागी चेहरा होता. माझाच... पण भुवईवर व्रण. मला तो नाही.

“विळा लागला हुता तिला. तुझ्या बापाला, सोमाला कसं ठावं? मी कधी सांगितलंच नाय.”

आणि आजीच्या कडेवर... एक मूल. नुसत्या रेषांचं, बिनचेहऱ्याचं. बाबांनी ते कधीच काढलं नव्हतं.

“दीक्षेच्या दिशी सोमाच हुता तिच्या कडंवर,” आत्या हळूच म्हणाली.

चित्र विहाराला द्यायचं होतं. मी अजून दिलेलं नाही.

आता मी दर रविवारी जाते. स्टुलावर बसते. हलत नाही. आवाज येत नाही.

मुलाचा चेहरा अजून कोराच आहे.

बाबांची कोळशाची कांडी मात्र दर खेपेला... थोडी आखूड झालेली असते.