आमचा जुना माणूस

फर्निचर व्यापाऱ्यांच्या मंडळानं आप्पांसाठी शोकसभा ठेवली होती, आणि त्यांच्या आयुष्याबद्दल दोन पानं लिहून आणायचं काम साहजिकच त्यांच्या एकुलत्या एक मुलाकडे आलं होतं. दुकानात त्याला सगळे दादा म्हणत. आप्पांना जाऊन तीन आठवडे झाले होते. भर दुपारची, गिऱ्हाईक नसलेली वेळ. दादा काउंटरमागे बसून लिहीत होता आणि खोडत होता.

तसं लिहायला काही कमी नव्हतं. आप्पा एक रंधा घेऊन या शहरात आले, पहिली दोन वर्षं रस्त्याच्या कडेला बसून स्टुलं केली, आणि पुढच्या चाळीस वर्षांत तीन मजली दुकान उभं केलं. एवढं झालं तरी अंगातला सुतार काही गेला नाही. नवं टेबल आलं की आधी ते उलटं करून खालून तळहात फिरवायचे. "वरून काय, चोरसुद्धा गुळगुळीत करतो," असं म्हणायचे. तक्रार आली तर माणूस पाठवायचे नाहीत. पिशवी खांद्याला लावून स्वतः जायचे, स्क्रू मेणबत्तीवर घासून बसवायचे आणि चहाचा घोटही न घेता परत यायचे.

हे सगळं दादानं भराभर लिहिलं. मग 'वडील म्हणून आप्पा' असं नव्या ओळीवर लिहिलं आणि पेन अडलं ते अडलंच. तेवढ्यात फोन वाजला.

"तुम्ही ते आजोबा पाठवलेत ना, त्यांच्यासाठी फोन केला," एक बाई म्हणाल्या. "कपाटाचं दार वर्षभर कुरकुरत होतं. स्क्रू काढला, मेणबत्तीवर घासला, बसवला, झालं! चहा विचारला तर नको म्हणाले. अशी माणसं मिळत नाहीत हो हल्ली."

दादानं मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री आप्पांच्याच हाताखाली तयार झालेले.

"आपण कुणालाच पाठवलेलं नाही, दादा," ते म्हणाले आणि त्याच्याकडे न बघता पुन्हा कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच घरून फोन आला. तिथल्या गृहस्थांनी म्हाताऱ्याची तोंड भरून स्तुती केली. "तुम्ही कोण म्हणून विचारलं, तर म्हणाले, दुकानातला जुना माणूस."

दादानं फोन तसाच ठेवून दिला. कारण ते शब्द त्याचेच होते.

मागच्या वर्षी आप्पांना विसर पडायला लागला. घरी बेचैन व्हायचे, म्हणून दादा त्यांना दुकानात आणून बसवायचा. एक दिवस बनियन आणि रबरी चपला अशा अवतारात ते विक्रीला मांडलेल्या डबल बेडवर आडवे झाले, आणि नेमका तेव्हाच एक हॉटेलवाला साठ खोल्यांची ऑर्डर घेऊन आला.

"हे कोण?" त्यानं नाक मुरडून विचारलं.

"आमचा जुना माणूस आहे," दादा हसून म्हणाला. "काढून टाकवत नाही."

आप्पा जागे होते. ते उठले, चादरीवरची सुरकुती हातानं सारखी केली आणि मान खाली घालून म्हणाले, "चूक झाली, शेठ."

त्या दिवसापासून त्यांनी मुलाला शेठ म्हणायला सुरुवात केली ती कायमची. घरीसुद्धा तो आला की उठून उभे राहायचे. सुनेची परवानगी घेऊन जेवायला बसायचे. डॉक्टर म्हणाले, हा आजाराचाच भाग आहे, आणि दादानं ते लगेच पटवून घेतलं. सोयीचंच होतं ते. 'आप्पा, मी तुमचा मुलगा' एवढं म्हणायला जीभ रेटत नव्हती. त्या दिवशी का नाही म्हणालास, असं त्यांनी विचारलं असतं तर?

शेवटच्या संध्याकाळी आप्पांनी अंथरुणातून हात जोडले. "शेठ, उद्यापासून सुट्टी मिळेल का?"

दादा मोबाइलवर बोलत होता. "हो हो, घ्या," तो म्हणाला. सकाळी आप्पा गेले होते. लोक सांत्वनाला आले की त्याला वाटायचं, जमिनीनं पोटात घेतलं तर बरं.

तिसरा फोन चौथ्या दिवशी आला. या बाई वेगळ्याच होत्या आणि त्यांचा आवाज दबलेला होता.

"ते आजोबा आलेत... आत पलंग दुरुस्त करताहेत. पण तुम्ही जरा येता का? दोन तास झाले, एकसारखं ठोकताहेत. एवढं ठोकण्यासारखं त्या पलंगात काही नाही हो..."

दादा तसाच निघाला. इमारत जुनी होती. बाहेर लख्ख ऊन, पण जिन्यात हात लांब केला तर दिसेना. पहिल्या मजल्यावर ओल्या पॉलिशचा वास आला. दुसऱ्यावर त्यात दुसरा वास मिसळला, आप्पा गुडघ्यांना चोळायचे त्या मलमाचा. दादानं कठड्याला धरलं. परत फिरावं असं फार वाटलं, पण परत फिरून जायचं कुठं?

बाईंनी दार उघडलं आणि ओठावर बोट ठेवलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पलीकडे ठोके पडत होते. तीन ठोके, मग थांबणं. पुन्हा तीन ठोके. त्या तालावर दादा लहानपणी झोपला होता.

"तुमचे कोण ते?" बाई कुजबुजल्या.

"आमचे..." दादा म्हणाला, आणि त्याची त्यालाच किळस आली. अजूनही जीभ त्याच शब्दांकडे वळत होती. तेच शब्द सोपे होते. तो आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "माझे वडील आहेत ते. मी त्यांचा मुलगा."

ठोके थांबले.

दादा दाराकडे बघत उभा राहिला. आता दार उघडेल, आता ते काहीतरी बोलतील, शिवी देतील तरी चालेल... दार हललं नाही.

बाई त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघत होत्या. "असं कसं होईल? मी विचारलं होतं त्यांना, घरी कोण कोण असतं म्हणून. एक मुलगा होता, म्हणाले. मागच्या वर्षी गेला. दुकानातच, उभ्या उभ्या."

दादा दाराकडे एक पाऊल सरकला.

"पण आता एकटं वाटत नाही, म्हणाले," बाई आणखी हळू बोलल्या. "सुट्टी लागल्यापासून तो भेटलाय म्हणे..."

तेवढ्यात आतून हाक आली. "ठोंब्या, हे धर रे जरा."

स्क्रू नेहमी उलटा फिरवायचा, म्हणून आप्पांनीच लहानपणी ते नाव ठेवलं होतं. त्यांच्याशिवाय त्या नावानं त्याला कोणी कधी हाक मारली नव्हती. दादाचे डोळे भरून आले. 'ओ' द्यायला त्यानं तोंड उघडलं, पण त्याचा आवाज निघायच्या आतच दारापलीकडून उत्तर आलं.

"आलो, आप्पा."

आवाज त्याचाच होता.

मग आत पुन्हा ठोकणं सुरू झालं. आता दोन हातोड्या होत्या.