अर्ध्या अंगठ्याची खूण

टक-टक. थापीच्या मुठीने विटेवर दोन ठोके. आमच्या शेजारच्या गवंड्याच्या कानात हा आवाज लहानपणापासून बसलेला. त्याचा बापही गवंडी. वीट बसली की दोन ठोके द्यायचा, कान लावायचा. भिंत पुरी झाली की विटा जोडायच्या ओल्या मालात अंगठा दाबायचा. सही येत नव्हती ना! त्यात तो अंगठा दगडाखाली चेचून अर्धाच उरलेला.

पोरांनो, जवळ सरका. हसू नका.

बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. शनिवारची रात्र, अमावस्या. ठेकेदाराने गवंड्याला बोळातल्या देवळाशी नेलं. देऊळ कसलं, दोन घरांच्या फटीतला कोनाडा. आत देव आणि पणती, इतकी अडचण की मांजरही वळायचं नाही. बापानेच बांधलेला.

"कोनाड्याचं तोंड बुजवून टाक, ही जागा मला हवीय. लोक उठायच्या आत भिंत उभी पाहिजे. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

घरात खाणारी तोंडं, कमावता हा एकटा. ठेकेदार गेला. गवंड्याने मुकाट माल कालवला, पहिली वीट बसवली. दोन ठोके दिले.

आतून उत्तर आलं.

टक-टक.

"कोण आहे?"

दुसरी वीट. पुन्हा टक-टक. आतूनच.

मग त्याचं डोकंच फिरलं.

"बाबा, पोरांना काय तुमचे ठोके वाढू ताटात? बोला की!"

आत नुसता अंधार.

बापाने बांधलेलं आपल्या हाताने बुजवणं त्याला जमेना. मग एकेक वीट उचलून बाजूला ठेवली आणि कोनाड्याला पाठ लावून बसला.

पहाटे ठेकेदार बॅटरी घेऊन आला.

"भिंत कुठाय रे?"

"होणार नाही."

"उपाशी मरशील."

"मरेन. तुम्हीही माझ्या बापाच्या हाताखाली विटा वाहिल्यात, मालक. ही घ्या थापी. बांधा तुम्हीच."

ठेकेदाराने थापी हिसकावली. बॅटरीचा झोत कोनाड्याच्या उंबऱ्यावर मारला. काढलेल्या विटांखालचा माल अजून ओला होता. त्यात, आतल्या कडेला, एक अंगठा उमटलेला.

ताजा.

अर्धा.

ठेकेदाराने गवंड्याचे हात उजेडात धरले. दोन्ही अंगठे शाबूत.

त्याने थापी हळूच उंबऱ्यावर ठेवली. बॅटरी विझवली. आणि बोळातून चालता झाला.