बेलवरचं बोट

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हल्ली मी तोंड उघडत नाही. दुपारचे तीन वाजले होते. एक स्क्रीन तपासायला मी पत्र्याच्या खोलीत गेलो होतो. बस्स, एवढंच काम.

पत्र्याची खोली म्हणजे आमच्या कारखान्यातली तपासणीची खोली. भिंती, छत, दार, सगळं धातूनं मढवलेलं, बाहेरचा कुठलाही सिग्नल आत येऊ नये म्हणून. मोबाइल मुका होतो. दार लावलं की स्वतःचा श्वाससुद्धा दुसऱ्या कुणाचा वाटतो. वास गरम धुळीचा आणि काच पुसायच्या स्पिरिटचा. वीस वर्षं मी तिथे एकच काम केलं, टच स्क्रीनमधला गोंगाट काढायचा. काचेला बोट लागलं हे स्क्रीन विजेच्या बारीक फरकावरून ओळखते. शेजारी एखादं खराब यंत्र असलं की तिला नसलेली बोटंही जाणवतात. आम्ही त्याला भुताचं बोट म्हणायचो. हसा, हसा. मीही हसायचो.

एका हॉस्पिटलात खाटेशेजारी आमच्या स्क्रीन बसवल्या होत्या. त्यांवर बेलचं चित्र. पेशंटनं दाबलं की सिस्टरच्या टेबलावर वाजणार आणि सिस्टरनं येऊन त्याच स्क्रीनवर ‘आले’चं बटण दाबेपर्यंत वाजत राहणार. पण सलाइनच्या पंपांमुळे बेल आपोआप वाजायच्या. सिस्टर धावून धावून मेटाकुटीला आल्या. मी दोन दिवस वॉर्डात ठाण मांडलं. पंपाचा खोटा स्पर्श एका जागी चिकटून बसतो, माणूस मात्र दाबतो आणि सोडतो, हे माझ्या लक्षात आलं. मग काय! न सुटणारा स्पर्श म्हणजे कचरा, तो मोजायचाच नाही, असं मी स्क्रीनला शिकवलं. प्रोग्रॅमच्या सात ओळींचं काम. बेल गप्प झाल्या. “सुंठीवाचून खोकला गेला,” म्हणत साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

चार महिन्यांनी त्याच वॉर्डात माझी आई दाखल झाली. नऊ नंबरची खाट, श्वासाचा त्रास. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. उजव्या तर्जनीचं अर्धं टोक मशीनच्या सुईनं नेलेलं. मी तिला सांगितलं, “आई, धाप लागली की ही बेल दाब. तुझ्या लेकानं केलीय. आणि उद्या अकराला मी येतोच.”

“दाबली की सोडायची कधी रे?”

मी मोबाइलमध्ये बघत होतो. म्हणालो, “कुणी येईपर्यंत धर की.”

दुसऱ्या दिवशी अकराला मी गेलो नाही. साहेबांची मीटिंग लांबली. ताई औषधं आणायला खाली गेली होती. ती वर आली तेव्हा सगळं संपलं होतं. “बेल वाजलीच नाही हो, मी इथेच होते,” सिस्टर रडवेल्या होऊन सांगत होत्या. ताई म्हणाली, “झोपेतच गेली बघ. कुणाला त्रास दिला नाही.” मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

पंधरा दिवसांनी ती स्क्रीन मागवून घेतली, तीच ही तीन वाजताची दुपार. कचरा म्हणून टाकलेले स्पर्शही आत साठत असतात. ते उघडले. दहा पन्नासला बेलच्या चित्रावर एक बोट टेकलं होतं. टोक अर्धं. ते सुटल्याची नोंद शोधत मी खाली खाली गेलो. अकरा. सव्वाअकरा. दुपार. दुसरा दिवस...

सुटल्याची नोंद नव्हती. स्पर्शाच्या जोराचे आकडे अजून येत होते. समोर काच रिकामी, आणि आकड्यांत ते बोट.

स्पिरिटनं पुसलं. वायरी काढून बॅटरीवर चालवली. काचसुद्धा बदलली. बोट जागचं हललं नाही. अहो, त्या खोलीत बाहेरचं काही येत नाही, त्यासाठीच तर ती बांधलीय! बेलच्या चित्रावर हात ठेवला तर नवी काच तेवढ्याच जागी ओलसर आणि गार.

“आई...” भिंतींनी माझा आवाज गिळला. “आई, सोड आता... मी आलोय...”

तिनं सोडलं नाही.

मी तसाच वर गेलो आणि साहेबांना म्हणालो, त्या सात ओळी काढा, म्हातारी माणसं बेल दाबून धरतात. “चार महिन्यांत एक तक्रार नाही,” साहेब म्हणाले. “आणखी तीस हॉस्पिटलं मागतायत. तू दुःखात आहेस, रजा घे.” मेलेलं माणूस तक्रार कशी करणार, असं मी विचारलं. त्यांनी रजेचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. त्या आठवड्यातच माझ्या सात ओळी तीस ठिकाणी गेल्या. मी हॉस्पिटलांना पत्रं लिहिली, फोन केले. डोकं फिरलंय म्हणून मला घरी बसवलं. येताना स्क्रीन उचलून आणली, ती पलीकडच्या खोलीत आहे.

तिच्यात आता आणखी बोटं येतात. आठवड्याला एखादं, कधी दोन. थरथरणारी, सुजलेली. एक तर इतकं लहान होतं की मी दोन दिवस जेवलो नाही. मी ‘आले’ दाबतो आणि ती सुटतात. कुणीतरी आलं, एवढंच बिचाऱ्यांना हवं असतं. ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. आई झोपेत गेली, हे तरी तिच्याजवळ राहू दे.

अर्ध्या टोकाचं बोट मात्र ‘आले’ला फसत नाही. तिला मी चांगला ठाऊक आहे. रोज सकाळी अकराला मी त्या स्क्रीनसमोर बसतो, बटण दाबतो, “आई, आलो,” म्हणतो. आणि रोज अकराला तिचा आकडा थोडा वाढतो, जोर देऊन दाबावं तसा.