पाचवा नट

स्कूटर आडवी, तिच्या शेजारी मी जवळजवळ आडवी, गालाला ग्रीस... आणि फाटकातून कुणीतरी विचारलं, "विकायची आहे ती... हीच का?"

मी मान वर केली. आधी दिसले स्वच्छ बूट, मग दुमडलेल्या बाह्या, मग एक संकोचलेलं हसू. तीन महिने फाटकावर 'स्कूटर विकणे आहे' ही पाटी लटकत होती. गिऱ्हाईक यायचं ते नेमकं आज, आणि मी अशा अवतारात!

"हीच," मी म्हटलं. "पण सध्या तिला एक चाक कमी आहे."

"चालेल. मी जनावरांचा डॉक्टर आहे. पेशंट उभाच असावा असा माझा आग्रह नसतो."

मला हसू फुटलं. खिडकीत खुर्ची टाकून बसलेल्या बाबांनाही फुटलं असावं, पण त्यांनी ते खोकल्यात लपवलं. टायर घरीच बदलायचा हा बाणा बाबांचा. पण त्यांची कंबर धरलेली, त्यामुळे राबणारी मी.

कुणी न सांगताच गिऱ्हाईक माझ्यासमोर उकिडवं बसलं. जुना टायर रिमला घट्ट चिकटला होता. तो ओढताना हा माणूस हलक्या आवाजात म्हणाला, "शांत... शांत, झालंच हं."

"स्कूटरशी बोलताय?"

"सवय हो. माणसांशी बोलायचं म्हटलं की अडखळायला होतं."

"माझ्याशी तर बरं बोलताय!"

त्याचे कान लाल झाले. मला उगीचच फार बरं वाटलं.

नवी ट्यूब टायरला चिकटू नये म्हणून तिला पावडर लावतात. एकाच डब्यातून दोघांनी पावडर घेतली, आणि ट्यूबपेक्षा जास्त आम्हीच पांढरे झालो. माझ्या नाकावरची पुसायला त्याने हात वर केला... मग स्वतःचा हात बघितला आणि गुपचूप खाली घेतला.

"आधी थोडी हवा भर गं! मग रिम जोड!" बाबा तीनदा ओरडले.

आमच्या जुन्या स्कूटरची रिम दोन भागांची. ट्यूबमध्ये थोडीशी हवा नसेल, तर ती त्या दोन भागांत सापडते. हे मला दहाव्या वर्षापासून पाठ आहे. पण त्याच्या पापण्यांवरही पावडर होती, काय करणार! मी भाग जोडले, नट आवळले, पंप मारला.

फुस्स...

"चिमटली," बाबा खिडकीतून समाधानाने म्हणाले.

"चूक माझी!" आम्ही दोघंही एकदमच बोललो. नवी ट्यूब आणायला तोच हट्टाने कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. तेवढ्या वेळात मी तोंड धुतलं, केस तीनदा बांधले आणि तीनदा सोडले. मग एकदम लक्षात आलं, की चाक बसलं की स्कूटर जाणार, आणि तिच्यावर बसून हाही जाणार. तीन महिने ही स्कूटर एकदाची जावी म्हणून मी जिवाचा आटापिटा केला होता. आता मात्र तिने इथेच राहावं असं वाटत होतं.

दुसरी ट्यूब मुद्दाम चिमटावी का? खोटं कशाला बोलू, विचार मनात आला. पण मी शेवटी बाबांची लेक. मुद्दाम काम बिघडवायला हात धजावेनात. थोडी हवा भरली, भाग नीट जोडले, आणि चाक जागेवर चढवलं. त्याने ते धरून ठेवलं, पाना माझ्या हातात.

नट पाच. एकेका नटाला मी जितका वेळ लावता येईल तितका लावला. पहिल्या नटाला कळलं की तो दोनच महिन्यांपूर्वी इथे आलाय. तिसऱ्यापर्यंत हेही कळलं की जेवलास का, हे विचारायला आई रोज फोन करते.

"आणि घरी वाट बघणारं... कुणी?" मी चौथ्यावर पाना अडकवत विचारलं.

"एक मांजर. तेही शेजाऱ्यांचं."

पाचवा नट मात्र मेला दोन वळशांतच बसला.

माझ्या हातून सात-आठ किका खाल्ल्याशिवाय जी हलत नाही, ती स्कूटर त्याच्या एका किकमध्ये सुरू झाली. फितूर! तो कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आला, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "छान आहे."

"मग... नेताय?" मी आधीच पुसलेला पाना पुन्हा पुसायला घेतला.

"नेणार आहे. म्हणजे... आज नको." तो हँडलकडे बघत राहिला. "आज नेली तर उद्या इकडे यायला निमित्त काय सांगू?"

मी पाना खाली ठेवला. आडवळणाने बोलणं मला कधी जमलेलं नाही.

"निमित्त कशाला हवं? तुम्ही मला आवडलात. असेच या."

खिडकीत बाबांनी वर्तमानपत्र इतकं वर धरलं, की त्यांची फक्त बोटं दिसत होती. आणि हा... हा आधी गोंधळला, मग लाजला, मग मोकळेपणाने, अगदी मनापासून हसला. त्याने चावी माझ्या तळहातावर ठेवली. हात जरा उशिरानेच बाजूला घेतला.

"उद्या सहाला येतो," तो म्हणाला. "स्कूटर बघायला नाही."

"सहाला कशाला?" मी म्हटलं. "साडेपाचला या."