शेवटच्या खोलीतलं दुसरं दार

जाहिरातीतल्या फोटोत समुद्र निळा होता आणि किनाऱ्यावर माणसं चार. प्रत्यक्षात समुद्र तपकिरी निघाला आणि माणसं हजारभर, त्यातली निम्मी रांगेत आमच्या पुढे उभी.

मी नूरिस पेन्या. सांतियागोतल्या एका तपासणीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं लोकांचं रक्त तपासण्यात घालवली. नळीत दिसेल तेवढंच खरं, बाकी सगळी हवा, असं मी मानत आले. घरातले मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे. माझी मुलगी एरिदानिया, जावई विल्किन आणि सात वर्षांची नात माएलिस यांच्याबरोबर मी शनिवार-रविवारसाठी निघाले ती बावारोच्या किनाऱ्याला म्हणून. एल सेइबो गाव आल्यावर विल्किनने गाडी हिगुएच्या रस्त्याला न लावता डोंगराकडे वळवली.

“ही मिचेसची वाट आहे,” मी म्हणाले.

“तिथे नवीन मोठं हॉटेल झालंय, आई. आपल्या लोकांना सवलत आहे,” एरिदानिया पुढच्या काचेकडे बघत म्हणाली.

“तू मला बावारो सांगितलं होतंस.”

“खरं सांगितलं असतं तर गाडीत बसली असतीस?”

नसते बसले. बारा वर्षांपूर्वी माझा मुलगा केल्विन मिचेसच्या किनाऱ्यावरून होडीत बसला होता. कामासाठी चोरून पोर्तो रिकोच्या बेटावर जाणारी लाकडी होडी, आत तीसेक माणसं. ती पलीकडे पोचली नाही आणि इकडेही परतली नाही. एक चप्पलसुद्धा सापडली नाही. म्हणून मी त्याच्या नावाने नऊ दिवसांची प्रार्थना कधी घातली नाही. शेजारणी कुजबुजल्या, पाद्री दोनदा येऊन गेले. मी म्हटलं, मेल्याचा पुरावा दाखवा, मग नऊ काय, नव्वद दिवस करते. एरिदानियाला हे संपवायचं होतं. आईने एकदा तो समुद्र बघावा, रडून घ्यावं, घरी येऊन मेणबत्त्या लावाव्यात, असा तिचा बेत. वाईट नव्हता. फक्त मला विचारलेलं नव्हतं.

खोल्या तीनला मिळणार होत्या, त्या पाचला मिळाल्या. तोवर मनगटावर हिरवे पट्टे बांधून आम्हाला एका भल्यामोठ्या दालनात बसवून ठेवलं. परदेशी पाहुण्यांचे पट्टे सोनेरी होते आणि ते आले की त्यांच्या हातात थंडगार पेला यायचा.

“दोन्या नूरिस, पट्टा सोडू नका हं,” विल्किन म्हणाला, ‘बाईसाहेब’ म्हणावं तसं आदराने. “आता तुम्ही हरवलात तरी हॉटेलवाले घरपोच आणून देतील.” मग आपण काय बोललो ते त्याच्याच लक्षात आलं आणि तो उगाच बॅगा इकडच्या तिकडे करू लागला.

शेजारशेजारच्या दोन खोल्या मागितल्या होत्या. मिळाली एक पहिल्या इमारतीत तळमजल्यावर आणि एक, माझी, सातव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या अगदी टोकाला. खिडकीतून एसीची यंत्रं दिसत होती. समुद्रावर दोरी बांधून बंदी घातलेली, कारण किनाऱ्यावर गुडघाभर शेवाळ येऊन सडलं होतं आणि नासक्या अंड्यासारखा वास मारत होतं. तलावात पोहायला नव्हे, उभं राहायलाही जागा नव्हती. जेवणाच्या हॉलमध्ये मांगू, आमचा उकडलेल्या कच्च्या केळ्यांचा लगदा, होतं खरं, पण हॉटेलवाल्यांनी ते भुकटीचं केलेलं. ज्या देशात परसदारी केळी लोंबतात, तिथे केळ्याची भुकटी! बडा घर पोकळ वासा. एरिदानिया प्रत्येक गोष्टीनंतर माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, “छान आहे ना, आई?” मी हो म्हणायचे. तिने या दोन दिवसांसाठी सहा महिने कामावर जास्तीच्या पाळ्या केल्या होत्या.

माझ्या खोलीत दोन दारं होती. एक व्हरांड्याचं. दुसरं डाव्या भिंतीत, शेजारच्या खोलीत जायचं, जसं मोठ्या हॉटेलांत कुटुंबांसाठी असतं. पांढरं, कडी घातलेलं, मूठ गुळगुळीत.

शनिवारी संध्याकाळी, उजेड चांगला होता तेव्हा, मी पलंगावर बसून माएलिसचे ओले कपडे झटकत होते.

“’शीर्वाद, आई.”

“देव तुझं भलं करो,” मी म्हणाले आणि कपडे झटकत राहिले.

हे असं आपोआप होतं. आमच्याकडे मूल घराबाहेर पडताना, घरात येताना, फोनवर, उठल्यावर पहिलं हेच बोलतं. आशीर्वाद, आई. पन्नाशीचा बाप्याही बोलतो. घाईत अर्धा शब्द गिळतात. आणि आई जी कुठे असेल तिथून, तोंडात टाचणी धरलेली असली तरी, उत्तर देते. डोक्याला विचारावं लागत नाही. खुनी मुलालासुद्धा कुणी आई आशीर्वाद नाकारत नाही.

मी नाकारला होता. बारा वर्षांपूर्वी, सांतियागोच्या स्वयंपाकघरात. केल्विन खांद्याला पिशवी लावून दारात उभा होता आणि मला होडीचं कळलं होतं. तो म्हणाला, “आशीर्वाद, आई.” मी तुरीच्या शेंगा सोलत होते. मला वाटलं, आशीर्वादाशिवाय त्याचं पाऊल उचलायचं नाही. तो बराच वेळ थांबला. मी मान वर केली नाही. मी त्याला थांबवत होते, देवाशपथ, फक्त थांबवत होते. तो गेला. तेव्हापासून ते चार शब्द माझ्या घशात अडकलेले आहेत आणि रोज मी त्यांच्यासकट जेवते.

कपडे झटकून झाल्यावर मी मान वळवली. एरिदानिया आली असेल असं वाटलं होतं. व्हरांड्याचं दार बंद. बाहेर चिटपाखरू नाही. शेजारच्या खोलीतलं कुणाचं तरी पोर आपल्या आईला म्हणालं असेल. हॉटेल आयांनी भरलेलं होतं. माझा आशीर्वाद चुकून दुसऱ्याला गेला, बिघडलं काय.

“’शीर्वाद, आई.”

आवाज त्या दुसऱ्या दारामागून आला. तरुण पुरुषाचा, थोडा घोगरा, ‘आई’ म्हणताना किंचित वर चढणारा. केल्विनचे टॉन्सिल काढल्यापासून तो असंच म्हणायचा.

माझ्या हातातला टॉवेल पडला. मी मोठ्याने म्हणाले, “देव तुझं भलं करो, बाळा.” आणि दाराला कान लावला. पलीकडे काही नव्हतं. नुसतं यंत्रांचं घरघरणं.

मी लॅबची बाई. खाली जाऊन विचारलं, माझ्या डाव्या हाताच्या खोलीत कोण उतरलंय?

काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “दोन्या, तुमच्या डाव्या हाताला खोली नाही. तुमची शेवटची.”

“मग दार कसलं?”

“पुढे आणखी एक इमारत जोडायची होती म्हणे. राहून गेली. ते कुठेच उघडत नाही. आवाजाचा त्रास होतोय का? खोली बदलून देऊ?”

“नको,” मी म्हणाले. फार पटकन म्हणाले.

बाहेरून वळसा घालून मी पाहून आले. पिवळी सपाट भिंत, जमिनीपासून छपरापर्यंत. खिडकी नाही, गच्ची नाही, शिडी नाही. दार असायला हवं तिथेही बाहेरून नुसता गिलावा. खाली समुद्रद्राक्षाची झुडपं आणि त्यांच्यामागे शेवाळ उपसणारा ट्रॅक्टर.

रविवारी सकाळी मी पोट दुखतंय असं सांगितलं. विल्किन म्हणाला, “भुकटीने सासूबाईंना पाडलं, जे मला दहा वर्षांत जमलं नाही.” सगळे हसले, मीही. ते तलावाकडे गेले आणि मी खुर्ची त्या दारासमोर ओढून बसले.

तो आला. “’शीर्वाद, आई.”

“देव तुझं भलं करो.”

दुसऱ्यांदा आला तेव्हा आवाज दूर गेला होता. तिसऱ्यांदा आणखी दूर, लांबच्या व्हरांड्यातून यावा तसा. मग माझ्या ध्यानात आलं. आशीर्वाद कशासाठी मागतात? निघण्यासाठी. मी देत होते आणि तो निघत होता.

चौथ्यांदा मी ओठ आवळून धरले.

आवाज जवळ आला.

मी पुन्हा करून पाहिलं. एकदाच आलेल्या निकालावर मी सही करत नाही. उत्तर दिलं, लांब गेला. गप्प राहिले, परत आला. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. शेवटी तो इतका जवळ होता की शब्दाआधीचा श्वास ऐकू येत होता. मी गाल दाराला टेकवला. लाकूड थंड होतं. बारा वर्षं मी रस्त्यातल्या प्रत्येक पाठमोऱ्या पोराच्या पुढे जाऊन तोंड बघत आले. आता एक बोटभर जाडीचं दार मध्ये होतं. मला हसू येत होतं आणि नाकातून पाणी वाहत होतं. कडी मी काढली नाही. पलीकडे भिंत दिसली असती तर मी ती सहन करू शकले नसते.

बाराला खोली सोडायची होती. पावणेबाराला एरिदानिया आली.

“आई, तुझी बॅग अजून...” ती म्हणाली आणि थांबली, कारण तेवढ्यात तो बोलला.

तिचा चेहरा पांढरा पडला. भावाचा आवाज ओळखायला तिला माझी गरज नव्हती.

“किती वेळ?” ती कुजबुजली.

“कालपासून.”

“आणि तू उत्तर देत नाहीस?”

“दिलं की जातो.”

ती माझ्यासमोर खाली बसली, माझे गुडघे धरले. “दे ना, आई. एकदाचा दे. बिचारा बारा वर्षं दारात उभा आहे.”

“गेला तर?”

“तो गेलेलाच आहे!” ती ओरडली. मग आवाज खाली आणला. “मीसुद्धा रोज मागते. सकाळ-संध्याकाळ. तू देतेस, पण माझ्याकडे बघून कधी देत नाहीस. तुझं लक्ष सगळं त्याच्या दाराकडे. मी पण तुझंच पोर आहे ना?”

तिचं खरं होतं. ते मला कळत होतं आणि तरी माझा कान तिच्या खांद्यावरून पलीकडे लागला होता.

“मी आणखी एक दिवस राहते,” मी म्हणाले. “तुम्ही व्हा पुढे. मी उद्या बसने येईन.”

“डोंगरावर पाऊस लागलाय. विल्किनला अंधाराच्या आत घाट उतरायचाय. आई, ऊठ.”

मी उठले नाही.

तिने डोळे पुसले. माझ्या बॅगेतून माएलिसचे कपडे काढून घेतले, मोबाइलचा चार्जर माझ्या उशाशी ठेवला. दार ओढून घेताना म्हणाली, “गोळ्या वेळेवर घे.”

मग बाहेरून, व्हरांड्यातून, तिचा आवाज आला.

“आशीर्वाद, आई.”

त्याच क्षणी डावीकडून, दाराला ओठ लावल्यासारखा, “’शीर्वाद, आई.”

माझं तोंड उघडलं होतं.

आशीर्वादावर नाव लिहिता येत नाही. एकदा तोंडातून सुटला की ऐकेल त्याचा. तिला दिला असता तर त्यालाही मिळाला असता.

ती थांबली. आयुष्यात ती माझ्या उत्तराशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गेली नव्हती.

“आई? आशीर्वाद.”

“’शीर्वाद, आई.”

घाट, पाऊस, मागच्या सीटवर माएलिस. सगळं मला दिसत होतं. मी हाताशी असलेला टॉवेल तोंडात कोंबला.

व्हरांड्यात ती बराच वेळ उभी राहिली. केल्विन उभा राहिला होता तेवढाच. मग तिच्या सँडलचा आवाज लिफ्टपर्यंत गेला. लिफ्टचं दार उघडलं, बंद झालं.

मी त्याच्या पुढच्या हाकेची वाट बघत होते.

पण या वेळी त्याने आशीर्वाद मागितला नाही. हलकेच, अगदी कानाशी, विचारलं,

“गेली का ती?”

“हो,” मी म्हणाले.